गोकर्णाचं निळं पाणी आणि लिंबाचा थेंब

हल्ली कुणाच्याही घरी मुलींचा वाढदिवस असो, डोहाळजेवण असो की महिला मंडळाचं हळदीकुंकू, एक निळं सरबत हमखास असतं. काचेच्या उंच ग्लासात खाली लिंबाचा रस आणि साखरेचा पाक, वर निळंशार पाणी. मधे जांभळ्याची एक पट्टी. चमच्यानं ढवळलं की सगळा ग्लास गुलाबी होतो आणि मुली टाळ्या पिटतात. आमच्या निपाणी-बेळगाव भागात या सरबताला अजून नाव पक्कं झालेलं नाही. कुणी ‘ब्लू लेमोनेड’ म्हणतं, कुणी ‘जादूचं सरबत’. वयस्कर बायका मात्र ‘हे काय गं नवीन फॅड?’ म्हणून ग्लास बाजूला सरकवतात.

फॅड नवं आहे, हे मी मान्य करते. पण ग्लासात जे घडतं ते फार जुनं आहे, आणि त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी फार जवळचा संबंध आहे. तोच आज सांगायचा आहे.

आधी फुलाची ओळख. हे निळं पाणी गोकर्णाच्या फुलाचं. कुंपणावर, विहिरीच्या काठावर, शाळेच्या तारेवर चढणारा हा नाजूक वेल आपल्यापैकी प्रत्येकीनं पाहिलेला आहे. फुलाचा आकार गाईच्या कानासारखा, म्हणून गोकर्ण. संस्कृतात त्याला अपराजिता म्हणतात. आमच्या सीमाभागात एकाच कुंपणाच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कानडी, त्यामुळे शेजारची अक्का त्यालाच शंखपुष्प म्हणते. इथं एक सावधगिरी. औषधाच्या दुकानात बुद्धीसाठी म्हणून मिळणारी शंखपुष्पी बहुतेक वेळा वेगळ्याच वनस्पतीची असते. ती जमिनीवर पसरते आणि तिची फुलं बारीक असतात. नाव सारखं म्हणून दोन्ही एक समजू नयेत. वनस्पतिशास्त्रात गोकर्णाच्या नावात ‘टर्नेटिया’ हा शब्द येतो. तो इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आला. म्हणजे आपल्या कुंपणावरचं फूल पुस्तकात गेलं ते समुद्रापलीकडच्या बेटाचं नाव घेऊन.

आता सरबताकडे वळूया. ‘सरबत’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. ‘लेमोनेड’ इंग्रजांबरोबर आला. पण गोड-आंबट पेय करून पाहुण्याला देण्याची रीत या दोन्ही शब्दांच्या आधीची. तिचा जुना शब्द ‘पानक’. त्याचंच मराठीत ‘पन्हं’ झालं आणि कन्नडमध्ये तो ‘पानक’ असाच राहिला. उन्हाळ्यात शेजारच्या घरून गूळ, वेलदोडा, सुंठ घातलेला पानकाचा पेला येतो आणि आपल्या घरून कैरीच्या पन्ह्याचा पेला जातो. एकाच शब्दाचे दोन पेले कुंपणावरून अदलाबदल होत असतात, आणि देणारीला नि घेणारीला ते माहीतही नसतं.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं कसं राहावं, काय खावं, कसं खेळावं, असं सगळं त्यात आहे. त्यात अन्नाबरोबर पिण्याच्या पाण्याचाही वेगळा विचार आहे. पाणी कुठलं घ्यावं, कसं शुद्ध करावं आणि पाटला, चाफा अशा फुलांनी त्याला सुवास कसा द्यावा, हे तिथं येतं. बेळगाव-सौंदत्तीचे रट्ट याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे फुलाचं पाणी ही कल्पना या मातीला परकी नाही.

त्याहून आपल्याला जवळचा ग्रंथ म्हणजे ‘सूपशास्त्र’. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसरा मंगरस या जैन कवीनं तो कन्नडमध्ये लिहिला. याच मंगरसानं नेमिनाथांच्या चरित्रावर ‘नेमिजिनेश संगती’ रचली. एका हातानं तीर्थंकरांचं चरित्र आणि दुसऱ्या हातानं स्वयंपाकाचं शास्त्र, आणि तेही पद्यात! सूपशास्त्र पूर्ण शाकाहारी आहे आणि त्यात पानकांना स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. पाचशे वर्षांपूर्वी एका जैन कवीला पेयं ही अध्यायभर लिहिण्याजोगी गोष्ट वाटली. आपण मात्र अजून ‘सरबतात काय शिकायचंय? साखर, लिंबू, पाणी’ म्हणतो.

आता जी गोष्ट आपल्या घरांत हळू आवाजात बोलली जाते, तिच्याकडे येते. फूल पोटात घ्यायचं का?

फूल आपल्याला परकं नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आठवा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, इ.स. १२०४ मध्ये, त्याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधवली. गाभाऱ्यापुढच्या मंडपात मान वर केली की छताला उलटं लटकणारं दगडी कमळ दिसतं. त्या कमळावरून तर बस्तीला नाव मिळालं. दक्षिणेत आपल्याकडे पूजेच्या ताटात फूल असतं, लग्नात मुंडावळ्यांत असतं, वेणीत तर रोजच असतं. ताटात वाढायला मात्र फूल आलं की थोरल्या बायका थबकतात. त्यामागं कारण आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त श्रावकानं काय टाळावं ते सांगताना एक साधा हिशेब मांडलेला आहे. ज्यातून मिळणारा लाभ थोडा आणि होणारी जीवहानी मोठी, ते सोडावं. त्याच्या उदाहरणांत मुळा, ओलं आलं, लोणी यांच्याबरोबर कडुनिंबाचं फूल आणि केवड्याचं फूलही येतं. फुलाच्या पाकळ्यांत बारीक जीव वस्तीला असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, ही त्यामागची काळजी.

माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या घरी फुलं खाण्यात नाहीत. ती रीत मी ठेवली आहे. धाकटी सून पुण्याची, तिच्या माहेरी एवढं कडक नव्हतं. ती गोकर्णाचं सरबत करते, मी अडवत नाही. ‘आई, तुम्ही पिऊ नका, पण रंग बघायला तरी या,’ असं ती म्हणते, आणि मी जाते. नियम आपला आपण पाळायचा असतो, दुसरीचा ग्लास ओतून द्यायचा नसतो. पण जिला तो पाळायचा आहे तिला ‘किती जुनाट तुम्ही’ असं ऐकवणंही बरोबर नाही. लाभ किती आणि हानी किती, असं विचारून मग खाणं, ही जुनाट गोष्ट नव्हे. आज सगळं जग तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतंय.

तर त्या रंगाकडे येऊ. निळं पाणी गुलाबी होतं म्हणजे नेमकं काय होतं?

गोकर्णाच्या पाकळीत जे रंगद्रव्य असतं ते आंबटपणा ओळखतं. साध्या पाण्यात ते निळं राहतं. लिंबाचे थोडे थेंब पडले की जांभळं आणि रस वाढवला की गुलाबी होतं. उलट बाजूला, म्हणजे खाण्याचा सोडा घातला, की ते हिरवट होतं. आंबट आणि खारट-तुरट क्षार यांतला फरक ते डोळ्यांना दाखवून देतं. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घातल्या तर पाणी मळकट जांभळं दिसतं आणि लिंबू पिळताच लालभडक होतं, तेही याच जातीच्या रंगामुळे.

आता मैत्रिणींनो, मला सांगा, हे आपल्याला खरंच नवं आहे का? हळदीचा डाग पडलेली साडी साबणानं धुतली की डाग लाल होतो. प्रत्येकीनं ते पाहिलंय आणि पहिल्यांदा घाबरून सासूला हाकही मारलीय. तोच डाग लिंबाच्या पाण्यात बुडवला की पुन्हा पिवळा. हळदीत चुना कालवला की लाल. म्हणून तर औक्षणाच्या तबकात पाण्यात हळद आणि चिमूटभर चुना टाकून आपण लाल पाणी करतो. जुन्या पद्धतीचं कुंकू हळद, टाकणखार आणि लिंबाच्या रसापासूनच होत आलं. विड्याच्या पानात काथ आणि चुना भेटले की ओठ रंगतात. आंबट घातल्यावर काय होतं, क्षार घातल्यावर काय होतं, हे ज्ञान आपल्या आज्ज्यांच्या बोटांत होतं. पुस्तकात ते नव्हतं, एवढंच.

पुस्तकात ते गेलं इंग्लंडमध्ये, १६६४ साली. इकडे शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, तेच हे वर्ष. रॉबर्ट बॉइल या संशोधकाचा रंगांविषयीच्या प्रयोगांचा ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात त्यानं एक सोपा प्रयोग सांगितला. व्हायलेट नावाच्या जांभळ्या-निळ्या फुलांचा पाक घ्या, पांढऱ्या कागदावर त्याचा थेंब टाका. त्यावर व्हिनेगरसारखं आंबट काही टाकलं तर तो लाल होतो, क्षाराचं पाणी टाकलं तर हिरवा. यावरून कुठलाही पदार्थ आम्ल आहे की अल्कली ते ओळखता येतं, असं त्यानं मांडलं. रसायनशास्त्राच्या इतिहासात ही मोठी पायरी मानतात, आणि ती आहेच.

पण त्या प्रयोगाचं साहित्य नीट बघा. व्हायलेटचा पाक ही काही प्रयोगशाळेत जन्मलेली वस्तू नव्हती. फुलं गरम पाण्यात भिजवायची, गाळायची, साखर घालून आटवायची, असं ते सरबत होतं. तिकडे ते औषध म्हणून घरोघरी आणि औषधवाल्यांकडे असायचं. बॉइलनं सरबताची बाटली उघडली आणि तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. जे पाहिलं ते लिहिलं, आणि पुन्हा पुन्हा करून तपासलं. त्याचं मोठेपण त्यात आहे. आपल्याकडच्या बायकांनी पाहिलं, वापरलं, मुलींना दाखवलं. लिहिलं मात्र नाही. लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकल्या त्यांनाही वाटलं की हळदीच्या डागात लिहिण्यासारखं काय आहे?

शाळेत आपण लिटमसचा कागद पाहिला. निळा लाल होतो, लाल निळा होतो, एवढं घोकलं आणि परीक्षेत लिहिलं. तो लिटमस कशापासून करतात हे कुणी सांगितलं नव्हतं. तो खडकावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या जातींपासून काढला जायचा. आपण काळ्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचेच ते भाऊबंद! बाईंनी त्या वेळी मसाल्याचा डबा वर्गात आणला असता, तर अर्ध्या मुलींना तो धडा जन्मभर लक्षात राहिला असता.

हा इतिहास इथवर गोड आहे. पुढचा भाग थोडा कडू आहे.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनीन प्रयोगशाळेत करू पाहत होता. ते जमलं नाही, पण डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग हाती लागला. तिथून कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. आधी कापड रंगलं, मग मिठाई, मग सरबतं. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रजानं गळ्यात गोटी असलेल्या बाटलीचं पेटंट घेतलं. तीच आपली गोळी सोड्याची बाटली. ती गोटी दाबली की होणारा ‘फट्’ आवाज आमच्या पिढीच्या प्रत्येक जत्रेत आहे. आम्ही मुली साधा सोडा मागायचो नाही. हिरवा, केशरी किंवा लाल मागायचो. जीभ रंगली की बहिणीला काढून दाखवायची, हाच त्यातला आनंद.

त्या जिभेवरचा रंग कुठला असतो, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता विचारावं लागतं. आपल्या देशात खाद्यपदार्थांत वापरायला ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि त्यांचंही प्रमाण कायद्यानं ठरवलेलं आहे. गाड्यावरचा माणूस चमच्यानं मोजतो, वजनकाट्यानं नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियन आणि बुड्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत रोडामिन-बी सापडला होता. तो कापड आणि कागद रंगवण्याचा रंग आहे. जत्रेत लेकरं ज्या गुलाबी कापसासाठी हट्ट करतात, त्यात तो होता.

म्हणून घरी रंगीत सरबत करण्याला मी फॅड म्हणून सोडून देत नाही. मुलांना रंग हवा असतो, तो हट्ट खोटा नाही. तो रंग कुठून आला हे मुलांच्या डोळ्यांदेखत दाखवता आलं पाहिजे. गोकर्णाचा रंग लिंबाला उत्तर देतो. बाजारी पावडरीचा रंग लिंबू पिळलं तरी बहुधा ढिम्म हलत नाही. अर्थात एवढ्यावरून भेसळ ओळखता येत नाही, कारण बिटाचा रंगही लिंबानं फारसा बदलत नाही. पण जे पितो त्याच्याशी थोडं बोलून बघायची सवय मुलांना लागते, ती मोलाची.

तसंच ‘नैसर्गिक आहे म्हणजे चांगलंच’ हेही मी म्हणणार नाही. थायलंडमध्ये हे पाणी पाहुण्यांना देतात, मलेशियात त्यानं भात निळा करतात. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं २०२१ मध्ये या फुलाच्या अर्काला पेयांतला रंग म्हणून मान्यता दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं मात्र २०२२ मध्ये वाळलेली फुलं खाद्य म्हणून विकायला हरकत घेतली. सुरक्षिततेविषयी पुरेशी माहिती नाही, असं तिचं म्हणणं. आपल्या आयुर्वेदातही गोकर्णाचं मूळ आणि बी रेचक मानलेलं आहे. म्हणून फक्त पाकळ्या घ्याव्यात, बिया-शेंगा कधीच नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी, हे पेय टाळलेलं बरं. सणासुदीला एखादा ग्लास ठीक, रोजच्या चहासारखं नको.

आता सुनेची कृती, तिच्या मापानं. दोन ग्लासांसाठी दहा-बारा ताजी फुलं लागतात. औषध न मारलेल्या वेलाचीच घ्यावीत, रस्त्याकडेची नकोत. पांढऱ्या कापडावर हलकेच झटकायची, म्हणजे किडा-मुंगी असेल तर आपल्या पायानं निघून जाते. देठाकडचा हिरवा भाग काढून टाकायचा, नाहीतर पाण्याला गवताचा वास येतो. गाळलेलं पाणी एक कप उकळून खाली उतरवायचं आणि त्यात पाकळ्या घालून पाच मिनिटं झाकून ठेवायचं. पाकळ्या फिक्या पडतात, पाणी निळं होतं. ते दुहेरी फडक्यातून गाळून गार करायचं. दुसरीकडे अर्धी वाटी साखर आणि पाव वाटी पाणी उकळून त्यात वेलदोड्याची पूड घालायची. गूळ इथं चालत नाही, त्याच्या तांबूस रंगात निळा हरवतो. एका रसरशीत लिंबाचा रस पाकात मिसळून, चिमूटभर मीठ टाकून तो दोन ग्लासांत तळाला ओतायचा. वरून थोडं गार पाणी, आणि मग निळं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश सोडायचं. घाईनं ओतलं तर सगळं एकदम गुलाबी होतं आणि मधली जांभळी पट्टी दिसत नाही. चव विचाराल तर गोकर्णाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच. चव लिंबाची, रंग फुलाचा. लिंबू विजयपूरकडच्या इंडीचं मिळालं तर उत्तम. बेळगावच्या बाजारात ते येतं, पातळ सालीचं आणि भरपूर रसाचं.

आणि माझ्यासारख्या ज्या फूल घेत नाहीत, त्यांनी हिरमुसू नये. काळ्या द्राक्षांची सालं गाळलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळा. गडद जांभळट पाणी निघतं. लिंबू पिळलं की ते लाल-गुलाबी होतं. गोकर्णाइतका झगमगाट नाही, पण बदल डोळ्यांना दिसतो, आणि चवीला तर हे उजवं. आमसुलाचं सरबत आहेच. कोकम मुळातच आंबट, म्हणून त्याचा रंग आधीपासून लाल. का लाल, ते आता तुम्हाला सांगता येईल. आमच्या मंडळात यंदा दोन्ही ग्लास ठेवले होते आणि समोर चिठ्ठ्या लावल्या होत्या, एकावर ‘फुलाचं’, दुसऱ्यावर ‘फळाचं’. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणी कुणाला टोकलं नाही. सूर्यास्ताच्या आत दोन्ही भांडी रिकामी झाली.

एक मागणं आहे. प्रत्येकीच्या घरात पाककृतींची एक वही असते, तेलाचे डाग पडलेली, पानं सुटलेली. तिच्यात मापाबरोबर आणखी एक ओळ लिहायला लागा. काय घातल्यावर काय झालं, रंग कसा बदलला, कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजली नाही, कुणी हे शिकवलं. मंगरसानं पानकं लिहून ठेवली म्हणून पाचशे वर्षांनी मला त्यांच्याविषयी बोलता आलं. माझ्या आज्जीच्या हळद-चुन्याचं माप मात्र तिच्याबरोबरच गेलं. वहीत खाली तारीख घाला आणि नाव लिहा. सुनेच्या कृतीखाली मी तिचं नाव लिहून ठेवलं आहे.